नंदीशची परिपूर्ण संख्या

नंदीश जिवंत आहे. हे आधी सांगतो, कारण त्याच्याबद्दल बोलताना लोक ‘होता’ म्हणतात. माझ्याही तोंडात तेच येतं.

अक्कलकोट नाक्याच्या अलीकडे, यंत्रमागाच्या एका शेडमागे, ओळीने तीन खोल्या आहेत. दोन खोल्यांत नंदीश आणि त्याची आई मायाक्का राहतात. तिसरी माझी, भाड्याची. मी करमाळ्याचा. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. नंदीश तिथेच, त्याच तत्त्वावर, गणित शिकवत होता. ही खोली त्यानेच मिळवून दिली. पहिल्या दिवशी दारावरचा घरक्रमांक पाहून म्हणाला, “दहा. न्यून संख्या आहे. वाईट वाटून घेऊ नकोस दिग्या, बहुतेक जण न्यूनच असतात.”

मला काही कळलं नाही. मी दहावीनंतर गणित सोडलं होतं.

त्याने मग दारातच समजावून सांगितलं. कोणतीही संख्या घ्यायची. तिला ज्यांनी नि:शेष भाग जातो ते सगळे आकडे काढायचे, ती स्वतः सोडून. त्यांची बेरीज करायची. दहाचे भाजक एक, दोन, पाच. बेरीज आठ. दहापेक्षा कमी, म्हणून दहा न्यून. बाराची बेरीज सोळा येते. जास्त, म्हणून बारा विपुल. आणि सहा? एक, दोन, तीन. बेरीज सहाच. ना कमी, ना जास्त. ती परिपूर्ण.

त्याच्या लेखी सगळ्या संख्या या तीन घरांत राहत होत्या. न्यूनांच्या घरात गर्दी. विपुलांच्या घरात बरेच जण. परिपूर्णांच्या घरात जवळजवळ कुणी नाही. सहा, मग अठ्ठावीस, मग चारशे शहाण्णव, मग आठ हजार एकशे अठ्ठावीस. त्यानंतर लाखांत कुणी नाही. दहा लाखांत कुणी नाही. कोटीपर्यंत कुणी नाही. थेट तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस.

ही त्याची संख्या.

अकरावीच्या प्रत्येक नव्या वर्गात तो पहिल्या दिवशी ती फळ्यावर लिहायचा. तिला स्वतःला सोडून पंचवीस भाजक आहेत. तो एकेका बाकाला एकेक भाजक देऊन टाकायचा. कुणाला दीड कोटीहून मोठा आकडा मिळे, कुणाला चौसष्ट. एका बाकाला फक्त एक. त्या बाकावरची मुलं हिरमुसायची. नंदीश म्हणायचा, तुमचा एक काढून घेतला तर ही संख्या परिपूर्ण राहत नाही. मग सगळे मिळून बेरीज करायचे. चुकायचे, भांडायचे, पुन्हा करायचे. शेवटी बेरीज फळ्यावरच्या आकड्याशी जुळली की वर्गात असा आवाज व्हायचा की शेजारच्या वर्गात माझी कविता थांबायची. मुलं त्याला परिपूर्ण सर म्हणायची. त्याला ते आवडायचं नाही असं तो म्हणायचा.

त्या संख्येबद्दल तो मला इतक्या वेळा बोलला आहे की मलाही ते सगळं पाठ झालं. ती त्रिकोणी आहे. म्हणजे पहिल्या ओळीत एक गोटी, दुसरीत दोन, तिसरीत तीन, अशा गोट्या मांडत गेलं तर आठ हजार एकशे एक्क्याण्णव ओळींनी तिचा नेमका त्रिकोण होतो. ती सम आहे. ती कुणाचा वर्ग नाही. आणि ती हर्षद नाही. आकड्यांची बेरीज करून त्या बेरजेने संख्येला भाग गेला तर ती हर्षद, आनंद देणारी. हे नाव आपल्याकडच्याच एका शाळामास्तरांनी दिलं, हे तो दरवेळी सांगायचा. त्याच्या संख्येच्या आकड्यांची बेरीज अठ्ठावीस. अठ्ठावीस स्वतः परिपूर्ण. तरी भाग जात नाही.

मी म्हटलं होतं, परिपूर्ण आहे पण आनंद देणारी नाही, हे केवढं मोठं आहे. तो हसला. म्हणाला, “यात अर्थ काढू नकोस. तिच्या भाजकांत सात नाही आणि अठ्ठाविसाच्या आहे. म्हणून भाग जात नाही. एवढंच.”

त्याचं गाव अक्कलकोटच्या पुढे. घरात कन्नड. तो आईला अव्वा म्हणतो, आई त्याला तम्मा. वडील सिदू, तो पहिलीत असताना काविळीने गेले. मायाक्का त्याला घेऊन सोलापुरात आल्या आणि कडक भाकऱ्या करायला लागल्या. ज्वारीच्या, कागदासारख्या पातळ, चुलीवर वाळवलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या. दुकानांना त्यांच्याच भाकऱ्या लागतात, अजूनही.

मायाक्कांना लिहिता-वाचता येत नाही. मराठी त्या इथे येऊन शिकल्या. मुलगा मराठी शाळेत आणि घरात पाढे म्हणून घ्यायला कुणी नाही. शेजारची मुलं संध्याकाळी ओट्यावर पाढे म्हणायची. ते ऐकून त्यांनी आधी स्वतः पाठ केले. मग सकाळी भाकरी थापताना नंदीशला समोर बसवून म्हणून घेतले. एक थाप, एक आकडा. बे एके बे, बे दुणे चार. तो चुकला की त्यांचा हात थांबायचा. त्या ओरडायच्या नाहीत. हात थांबला की त्याला कळायचं.

तिसरीत असताना त्याने विचारलं, अव्वा, सातच्या पाढ्यात संख्यांच्या शेवटी सगळे आकडे येतात आणि पाचच्या पाढ्यात दोनच, असं का. मायाक्कांना उत्तर माहीत नव्हतं. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, “त्या दिशी मला कळलं, पोरगं माज्या फुडं गेलं. लई बरं वाटलं.”

ते पोरगं मग बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं. सुकन्या मॅडम आमच्या महाविद्यालयाच्या गणित विभागप्रमुख. त्यांच्याच हाताखाली तो शिकला आणि त्यांच्याच विभागात शिकवायला लागला.

डिसेंबरात तो टेंभुर्णीला एका मित्राच्या लग्नाला गेला. परत येताना हमरस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली होती. तिला मागे दिवा नव्हता.

तो वाचला. पाय बरा झाला. बोलणं आलं, आधी कन्नड, मग मराठी. मला ओळखलं, मॅडमना ओळखलं, शेडमधल्या तेलुगू बायकांना नावांनी हाका मारल्या. दवाखान्यात आम्ही पेढे वाटले. गेलं काय, ते घरी आल्यावर कळलं.

मी त्याला वेळ विचारली. तो घड्याळाकडे बघत राहिला. चित्राकडे बघावं तसा. मायाक्कांनी त्याला चार कांदे आणायला सांगितलं. तो टोपलीजवळ उभा राहिला आणि एक कांदा घेऊन आला. मग पुन्हा जाऊन एक घेऊन आला. तो आणतच राहिला. मायाक्कांनी शेवटी त्याचा हात धरला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूचा जो भाग आकड्यांचं बघतो तिथे मार लागला आहे. थोडं परत येईल, किंवा येणार नाही. आत्ताच सांगता येत नाही. जे त्याला आवडायचं ते कानावर पडू द्या. रोज थोडं थोडं.

मायाक्कांनी हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. चूल पेटली होती. नंदीश समोर पाटावर बसला होता.

“दिगू, त्याचं ते मोटं गनित सांग की मला. पोरास्नी पयल्या दिशी सांगायचा ते.”

मी सांगितलं. विचारलं, काय करणार.

“शिकवते. आदीबी म्याच शिकवलं हुतं की.”

मायाक्कांनी हजाराच्या वरचा आकडा कधी उच्चारला नसेल. त्यांनी माझ्याकडून तो पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. मी लांबलचक सांगत होतो. त्यांनी ते थापेत बसेल एवढं करून घेतलं.

तीन कोटी पस्तीस लाख
पन्नास हजार तीनशे छत्तीस
परिपूर्ण, त्रिकोणी, सम
हर्षद न्हाय, वर्ग न्हाय.

रोज सकाळी ते चालायचं. माझ्या खोलीतून ऐकू यायचं. शेडमधले माग सुरू व्हायच्या आधी नीट, नंतर खटखटीतून तुटक. आधी मायाक्का एकट्याच म्हणायच्या. मग एका सकाळी नंदीश ‘परिपूर्ण’ म्हणाला. काही दिवसांनी ‘त्रिकोणी’ आलं. ‘छत्तीस’ला तो बरेच दिवस अडत होता. मायाक्कांचा हात थांबायचा. तो त्या हाताकडे बघत बसायचा. मग म्हणायचा.

मार्च गेला, एप्रिल गेला. ऊन असं होतं की मायाक्का चुलीपुढून उठल्या की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. तरी त्यांनी एक दिवस सोडला नाही.

मे महिन्यात नंदीशने ते सगळं एकट्याने म्हटलं. एका दमात, एकही चूक नाही. मायाक्कांनी थापलेली भाकरी परातीतच राहू दिली आणि शेडच्या दारात जाऊन बायकांना बोलावलं. तो त्यांच्यापुढे पुन्हा म्हणाला. त्या बायकांना त्यातलं किती कळलं ते माहीत नाही, पण कोटी कळलं. एकीने त्याची दृष्ट काढली. मायाक्कांनी साखर वाटली. मी खाल्ली. मला खरंच वाटलं होतं की तो परत आला.

“गनित आलं म्हंजी पोरगं आलं,” मायाक्का म्हणाल्या.

मी ते सुकन्या मॅडमना सांगितलं. डिसेंबरपासून त्याचे तास त्याच घेत होत्या. आपले तास संपवून त्याचे. नव्या वर्षी हे तास कोण घेणार, त्याचं नाव प्राचार्यांनी त्यांना जूनपर्यंत कळवायला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, मी येते. त्याने फळ्यापाशी एक तास उभं राहून अकरावीला भागाकार जरी समजावला, तरी त्याचं नाव मी ठेवीन. बाकीचं मी बघून घेईन.

हे मी घरी सांगितलं. मायाक्कांनी विचारलं, मॅडम काय इचारतील. मी म्हटलं, तीच संख्या विचारतील बहुतेक. ती सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून सकाळी म्हणायचं ते त्या संध्याकाळीही म्हणून घ्यायला लागल्या.

जूनच्या एका रविवारी दुपारी मॅडम आल्या. मायाक्कांनी त्या दिवशी भाकऱ्या केल्या नव्हत्या. खोली सारवल्यासारखी स्वच्छ होती. नंदीशला इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर्गात घालायचा तो, बारीक निळ्या रेघांचा. मॅडम दारात दिसताच तो उठून उभा राहिला. “मॅडम,” म्हणाला. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला बसवलं. पाय दुखतो का, झोप लागते का, असं विचारलं. त्याने नीट उत्तरं दिली. चहा झाला. मायाक्का चहा न घेता भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मग त्यांनीच सुरुवात केली. “तम्मा, मॅडमला सांग की.”

नंदीशने सांगितलं. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. परिपूर्ण, त्रिकोणी, सम. हर्षद नाही, वर्ग नाही. त्याने मॅडमसमोर ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं. ते मी ऐकलं आणि मला फार आशा वाटली.

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “नंदीश, आणि सहा? सहा कशी संख्या आहे?”

“परिपूर्ण.”

“बरोबर.”

मायाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. सहाचं त्यांनी शिकवलं नव्हतं.

“त्रिकोणी,” नंदीश म्हणाला. “सम.”

“हेही बरोबर,” मॅडम म्हणाल्या. त्या पुढे सरकून बसल्या होत्या.

“हर्षद नाही, वर्ग नाही.”

मॅडम पुन्हा मागे सरकल्या. एका आकड्याची संख्या नेहमीच हर्षद असते. तिला तिनेच भाग जातो. हे मला नंदीशनेच शिकवलं होतं, वडापाव खाताना, मी विचारलेलं नसताना.

मॅडमनी पुन्हा विचारलं. आवाज तसाच ठेवला. “आणि सात?”

“परिपूर्ण, त्रिकोणी, सम,” नंदीश म्हणाला. “हर्षद नाही, वर्ग नाही.”

तो हसत होता. त्याला आणखी विचारलेलं हवं होतं.

मी मॅडमकडे बघत होतो, म्हणून मायाक्कांकडे माझं लक्ष उशिरा गेलं. त्या ताठ बसल्या होत्या. परिपूर्ण म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, त्रिकोणीही नाही. पण सम माहीत होतं. सात बेच्या पाढ्यात येत नाही. बेचा पाढा त्यांनी त्याला शिकवला होता.

त्यांनी मॅडमना विचारलं नाही की पास झाला का. त्या म्हणाल्या, “मॅडम, आदीबी पाटच हुतं त्याला. दुसरीत. कळत न्हवतं काय. नुसतं म्हनायचा. मग कळाया लागलं.”

मॅडम म्हणाल्या, “अव्वा, तेव्हा तो लहान होता.”

“आताबी लहानच हाय की,” मायाक्का म्हणाल्या. “तुमी बगताय न्हवं.”

नंदीश आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मॅडम उठून मायाक्कांजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. रडायला लागल्या त्या मॅडमच. मायाक्का त्यांचा हात थोपटत राहिल्या, जणू मॅडमच्याच घरी काही झालं होतं.

मी मॅडमना नाक्यापर्यंत सोडायला गेलो. रस्त्यात त्या म्हणाल्या, अव्वांनी एवढं केलं, मला वाटलं होतं त्यातून काहीतरी निघेल. मग म्हणाल्या, आरोहीला विचारते. आरोही नंदीशच्या शिकवण्याच्या पहिल्या वर्षीची विद्यार्थिनी, आता एम.एस्सी. झालेली. पहिल्या दिवसाच्या त्या तासाला तिच्या बाकावर एक आला होता आणि ती रुसली होती, हे मॅडमनाही माहीत होतं. चांगलं शिकवेल ती, मॅडम म्हणाल्या. रिक्षात बसताना त्यांनी मला सांगितलं की हे मायाक्कांना तू सांग. मी हो म्हटलं.

सांगावं लागलं नाही. मी परत आलो तेव्हा मायाक्का कप विसळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “दुसऱ्याचं नाव घालू दे. पोरांचं नुकसान नगं.”

नंदीश खाटेवर बसला होता, तसाच, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. दिवेलागणीची वेळ होत आली होती. या वेळी रोज म्हणून घ्यायचं असायचं. मायाक्का बसल्या नाहीत म्हणून त्याने आपणच सुरू केलं. तीन कोटी पस्तीस लाख.

“पुरं, तम्मा,” मायाक्का म्हणाल्या.

तो थांबला. मग त्याने कन्नडमध्ये विचारलं. एवढं कन्नड मला कळतं. चुकलं का, अव्वा?

अपघातानंतर त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तोपर्यंत तो फक्त उत्तरं देत होता.

मायाक्कांनी कप पालथा घातला. त्याही कन्नडमध्येच म्हणाल्या, नाही. सगळं बरोबर आहे.

“मग मॅडम का रडल्या?”

हे त्याने मराठीत विचारलं. मला विचारलं असावं. मी मराठीचा माणूस.

मायाक्का हात पुसत त्याच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, शर्ट काढू, चुरगळंल. आणि त्याच्यासमोर उभ्या राहून त्याच्या शर्टाच्या गुंड्या काढायला लागल्या. गुंड्या त्याला काढता येतात. जानेवारीपासून तो आपल्या आपण काढतो. त्याने हात वर केला, मग खाली घेतला आणि त्यांना काढू दिल्या.